साखर घाला, म्हणजे बिअर गोड होणार नाही

डबल आयपीए (डबल इंडिया पेल एल) घरी करायची म्हणून कृती वाचायला घेतली, की माल्ट आणि हॉप्सच्या यादीत एक ओळ हमखास खटकते: साखर, अर्धा किलो. आठ टक्के अल्कोहोलची बिअर, मुळातच भरपूर माल्ट घातलेली, तिच्यात आणखी साखर कशाला? पुष्कळ जण ती ओळ परस्पर गाळतात, तेवढं माल्ट वाढवतात, आणि महिन्याभराने ग्लासात येतं ते जड, चिकट, जिभेवर रेंगाळणारं काहीतरी. दीडशे-दोनशे ग्रॅम हॉप्स घातलेले असतात, पण त्यांचा वास आणि कडवटपणा त्या गोडव्याखाली दबून जातो. ती ओळ गाळायची नव्हती.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. इथे राहणाऱ्यांनी परवानाधारक मायक्रोब्रुअरीत जाऊन प्यावी आणि हा लेख माहितीसाठी वाचावा. करून बघायचं आहे ते अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विक्री अजिबात नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगळे. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली.

आता साखरेकडे. माल्ट गरम पाण्यात भिजवून जे गोड पाणी, म्हणजे वर्ट, मिळतं, त्यातली सगळी साखर यीस्टला खाता येत नाही. माल्टोज आणि ग्लुकोज तो संपवतो, पण डेक्स्ट्रिनच्या लांब साखळ्या तशाच उरतात. बिअरला अंग येतं ते त्यांच्यामुळे. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये हे अंग हवंसं वाटतं. माल्ट वाढवत गेलात की डेक्स्ट्रिनही त्याच प्रमाणात वाढतात, आणि आठ टक्क्यांना पोहोचेपर्यंत ते नको इतके झालेले असतात. स्वयंपाकघरातली पांढरी साखर यीस्ट शंभर टक्के खातो. तिचं अल्कोहोल होतं, कर्बवायू उडून जातो, आणि गोडवा म्हणून मागे काही राहत नाही.

हे आकड्यांत बघू. २० लिटर वर्ट १.०७२ ग्रॅव्हिटीचं, म्हणजे पाण्याच्या १.०७२ पट घनतेचं, करायचं आहे. निव्वळ माल्टवर केलं आणि यीस्टने नेहमीसारखं ७८ टक्के काम केलं, तर बिअर १.०१६ च्या आसपास थांबेल आणि अल्कोहोल साधारण ७.३ टक्के भरेल. आता त्यातलं थोडं माल्ट कमी करून ५०० ग्रॅम साखर घाला, म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी तीच, १.०७२. ही बिअर १.०१२ पर्यंत उतरेल आणि अल्कोहोल ८ टक्क्यांच्या जवळ जाईल. चार अंकांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तोंडात पहिल्याच घोटाला कळतो.

डबल आयपीएचा उगम बहुतेक जण कॅलिफोर्नियात दाखवतात. टेमेक्युला गावातल्या ब्लाइंड पिग या छोट्या ब्रुअरीत १९९४ मध्ये विनी सिलुर्झो यांनी पहिली खेप केली. यंत्रसामग्री जुनीपानी होती, काही वाईट चव उतरलीच तर झाकली जावी म्हणून त्यांनी हॉप्स दुप्पट केले आणि माल्टही वाढवलं, असं ते स्वतःच सांगत आले आहेत. पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत त्यांनी केलेली ‘प्लिनी द एल्डर’ ही आठ टक्क्यांची बिअर या प्रकाराचा मापदंड झाली. तिची घरगुती मापाची कृती सिलुर्झो यांनीच ‘झायमर्जी’ या होमब्रुअरांच्या मासिकातून २००९ मध्ये दिली. तिच्यात डेक्स्ट्रोज आहे, एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साखर घालणं ही काटकसरी ब्रुअरची लबाडी नव्हे, हे निदान या कृतीपुरतं तरी मान्य करावं.

लबाडीचा शिक्का बसला त्याला कारणं आहेत. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धता कायद्यात साखरेला जागाच नव्हती, आणि जर्मन पद्धतीचा दबदबा जगभर आहे. इंग्लंडने १८४७ मध्ये ब्रुअरांना साखर वापरायची मुभा दिली. त्यामुळे त्याआधी जहाजांतून मुंबईला उतरणारी हॉजसन या इंग्लिश ब्रुअरची पेल एल, जिच्या नावावर आज सगळ्या आयपीए मिरवतात, ती साखरेची नसावी. बेल्जियमने कधीच फारशी फिकीर केली नाही. तिथल्या ट्रिपेलमध्ये साखर सढळ हाताने पडते. पण घरगुती ब्रुअरांत साखर खरी बदनाम झाली ती डबाबंद किटमुळे. माल्टच्या पाकाचा १.७ किलोचा डबा, त्यात एक किलो साखर, आणि पाणी घालून २३ लिटर. वजनाने एक तृतीयांशाहून जास्त साखर, वर जुना झालेला पाक, पाकिटातला चिमूटभर यीस्ट आणि उन्हाळ्यातलं गरम गॅरेज. त्यातून आंबटसर, सफरचंदाच्या सायडरसारखी चव आली तर नवल नाही. दोष चौघांचा होता आणि नाव एकट्या साखरेचं झालं.

कोणती साखर

साधी पांढरी. उसाची असो वा बीटची, यीस्टला फरक पडत नाही. सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारं एन्झाइम त्याच्याकडे असतं, त्यामुळे लिंबू पिळून पाक उकळत बसायची गरज नाही. होमब्रूच्या दुकानात ‘कॉर्न शुगर’ म्हणून मिळतं ते मक्यापासूनचं डेक्स्ट्रोज. तेही उत्तम, फक्त त्यात थोडं पाणी बांधलेलं असल्याने ५०० ग्रॅम साखरेच्या जागी ५५० ग्रॅम घ्यावं लागतं. बेल्जियन कँडी म्हणून पारदर्शक खडे मिळतात ते विकत घेऊ नका. ती खडीसाखरच आहे, किंमत तेवढी परदेशी. गडद कँडी सिरप आणि ब्राऊन शुगर यांची चव हॉप्सच्या आड येते. मधाचा सुगंध बराचसा वायूबरोबर उडून जातो, आणि उरलासुरला शंभर ग्रॅम सिम्को हॉप्ससमोर कुणाला कळणार? लॅक्टोज यीस्ट खातच नाही, म्हणजे ती आपल्या हेतूच्या नेमकी उलट.

आणि गूळ. मराठी माणूस बिअर करायला लागला की हा विचार आल्याशिवाय राहत नाही, आणि आता परदेशातल्या भारतीय दुकानात कोल्हापुरी ढेपही मिळते. गुळात सुक्रोजच्या जोडीला पाणी, क्षार आणि उसाच्या रसातली मळी असते. प्रमाण ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे ग्रॅव्हिटीचा हिशेब आधी मांडता येत नाही, घालून मोजावी लागते. उकळताना वर मळी येते ती काढावी लागते. यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतो आणि मागे राहतो तो गुळाचा गोडवा सोडून बाकी सगळा गूळ: किंचित खारट, रमच्या अंगाने जाणारी, करपट चव. स्टाउटमध्ये किंवा गडद बेल्जियन धाटणीच्या बिअरमध्ये ती फार छान लागते, तिथे गूळ जरूर वापरा. फिकट, कडू, संत्र्या-पाइनच्या वासाच्या बिअरमध्ये मात्र ती उपरी वाटते. इथे भावनेला मुरड घातलेली बरी.

किती

एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के. २० लिटरच्या खेपेत हे ३०० ते ६०० ग्रॅम होतात. पंधरा टक्क्यांपर्यंत ताणता येतं, पण त्यापुढे मी जाणार नाही. ट्रिपेल वीस टक्के साखर पचवते, कारण तिथे कडवटपणा बेताचा असतो आणि यीस्ट स्वतःच फळांची, मसाल्याची चव देतो. आपल्या बिअरमध्ये ७०-८० आयबीयू कडवटपणा आहे. त्याखाली थोडं तरी अंग हवं, नाहीतर तो घशाला खरवडतो आणि अल्कोहोल उघडं पडून स्पिरिटसारखं झोंबतं. अंतिम ग्रॅव्हिटी १.०१० ते १.०१३ मध्ये बसली की तिला तिथेच सोडावी. धुकट, रसाळ न्यू इंग्लंड प्रकारात ओट्स आणि गहू मुद्दाम अंग यावं म्हणूनच घातलेले असतात, तिथे साखर तीन-चार टक्क्यांवर थांबवावी किंवा घालूच नये.

हिशेबाचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. एक किलो साखर एक लिटरमध्ये ३८४ अंक देते. अर्धा किलोचे १९२, ते २० लिटरमध्ये वाटले की साडेनऊ. बार्ली माल्टचे किलोला साधारण ३०० असतात, पण घरगुती मॅशमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवताना, त्यातले सत्तर-बहात्तर टक्केच हाती लागतात. म्हणून एक किलो साखर काढली तर तिच्या जागी पावणेदोन किलोहून जास्त माल्ट लागतं. मॅशचं भांडं लहान असणाऱ्यांना साखरेचा हा फायदा वेगळा सांगायला नको.

जे धान्य न भिजवता तयार माल्ट एक्सट्रॅक्टवर बिअर करतात त्यांना साखर सर्वांत जास्त उपयोगी पडते. एक्सट्रॅक्ट किती आंबेल हे कारखान्यातच ठरलेलं असतं. मॅशचं तापमान खाली आणून ते सुधारायची सोय त्यांच्याकडे नाही. फिकट कोरडं एक्सट्रॅक्ट ३.४ किलो आणि साखर ५०० ग्रॅम इतक्यात २० लिटर १.०७२ ला पोहोचतं. इथे साखर ७०० ग्रॅमपर्यंत वाढवून एक्सट्रॅक्ट थोडं कमी केलं तरी चालेल.

धान्यावर करणाऱ्यांनी मात्र साखरेच्या भरवशावर मॅशकडे दुर्लक्ष करू नये. मॅश ६४-६५ अंश सेल्सिअसला ठेवा. या तापमानाला बीटा-अमायलेज हे एन्झाइम जोमात असतं आणि यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त बनते. ६८-६९ अंशांना मॅश करून मग ‘साखर घातली तरी जड लागते’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. क्रिस्टल माल्टवरही हात आखडता ठेवा. वीस लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम पुरेत, तेही फिकट. एका हाताने क्रिस्टल माल्टने गोडवा वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने साखर घालून तो कमी करायचा, हा उद्योग अनेक कृतींत दिसतो.

कधी घालायची

दोन वेळा सोयीच्या आहेत. पहिली म्हणजे उकळीची शेवटची दहा-पंधरा मिनिटं. गॅस बंद करा, साखर ओतून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, मग पुन्हा पेटवा. विजेच्या हंड्यात हे विशेष पाळावं. गरम कॉइलवर साखर बसली की बुडाला लागते आणि तो करपट वास पुढे कशानेच जात नाही. आठ टक्क्यांच्या बिअरला आणि दहा टक्के साखरेला ही पद्धत पुरते. सुरुवातीची ग्रॅव्हिटी एकदाच, नीट मोजता येते, हा वरचा फायदा.

दुसरी वेळ फर्मेंटरमध्ये, आंबण्याचा पहिला जोर ओसरायला लागला की, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. साखर जास्त असेल किंवा ग्रॅव्हिटी १.०८५ च्या वर जाणार असेल तर हाच मार्ग घ्यावा. कारण यीस्टचा स्वभाव. समोर ग्लुकोज भरपूर असलं की तो माल्टोज आत घ्यायची यंत्रणाच बंद ठेवतो. पानातला लाडू आधी संपवून भाकरीकडे पाठ फिरवणारं पोर जसं, तसं काही वेळा यीस्टचं होतं, आणि बिअर १.०२० वर अडकून बसते. आधी माल्ट खाऊ द्या, साखर मागाहून. ती कोरडी टाकू नका. वायूने भरलेल्या बिअरमध्ये दाणे पडले की फेस झाकणातून बाहेर येतो. थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून पाक करा, थंड करा आणि हळूहळू ओता. हे सगळं ड्राय हॉपिंगच्या, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये थेट हॉप्स घालण्याच्या, आधी उरकलं पाहिजे. हॉप्स पडल्यानंतर झाकण जितक्या वेळा उघडाल तितका ऑक्सिजन आत जाणार, आणि या बिअरचा सुगंध ऑक्सिजनसमोर टिकत नाही.

हॉप्सच्या हिशेबात एक गोष्ट धरावी लागते. वर्ट जितकं घट्ट, तितका कडवटपणा कमी उतरतो. ग्लेन टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्राप्रमाणे १.०५० च्या वर्टपेक्षा १.०७५ च्या वर्टमध्ये त्याच हॉप्सचा कडवटपणा सुमारे एक पंचमांशाने घटतो. साखर शेवटी घातली तर उकळीचा बराच काळ वर्ट थोडं पातळ असतं आणि थोडासा फायदा होतो. पण त्यासाठी वेगळं गणित मांडत बसावं, इतका तो मोठा नाही.

यीस्ट मात्र कंजुषीने घालू नका. साखरेत नायट्रोजन नसतो, जीवनसत्त्वं नसतात. यीस्टला वाढायला लागतं ते सगळं माल्टमधूनच येतं. दहा टक्क्यांपर्यंत अडचण येत नाही, तरी उकळीच्या शेवटी यीस्ट न्यूट्रिएंट चिमूटभर घातलेलं चांगलं. २० लिटरला साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं, तटस्थ अमेरिकन एल जातीची. १८-१९ अंशांना सुरुवात करा, तीन दिवसांनी २१ पर्यंत जाऊ द्या. सुरुवातीला तापमान चढलं तर पाजळलेल्या स्पिरिटचा जो वास येतो, त्याचंही खापर लोक साखरेवरच फोडतात.

एक कृती, २० लिटरची

फिकट अमेरिकन टू-रो माल्ट ५.६ किलो, ४० लोव्हिबाँडचं क्रिस्टल १५० ग्रॅम, साखर ५०० ग्रॅम. मॅश ६५ अंशांना एक तास. पाणी मृदू असेल तर मॅशमध्ये थोडं जिप्सम घालावं. सल्फेट लिटरला १५०-२०० मिलिग्रॅम झालं की कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागतो. ३०० च्या पुढे जाऊ नका, बिअर आधीच कोरडी आहे. उकळी एक तास. सुरुवातीला १४ टक्के अल्फाचे कोलंबस हॉप्स ४५ ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांना सेंटेनियल ३० ग्रॅम आणि त्याच सुमाराला साखर. गॅस बंद करून वर्ट ८० अंशांवर आलं की सिम्को आणि सेंटेनियल मिळून ६० ग्रॅम, वीस मिनिटं तसंच ठेवून मग थंड करा. ड्राय हॉपिंगला सिम्को, सेंटेनियल, अमारिलो मिळून १४० ग्रॅम, म्हणजे लिटरला सात. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे हॉप्स वाढवून सुगंध फारसा वाढत नाही असं दिसलं आहे. वाढतो तो खर्च, आणि हॉप्स पिऊन टाकतात ती बिअर.

ड्राय हॉप्स काढल्यावर लगेच बाटल्या भरू नका. हॉप्समध्येही एन्झाइम असतात, ते उरलेल्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करून यीस्टला नवं खाद्य पुरवतात. ब्रुअर त्याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. १.०१२ ला थांबलेली बिअर पुन्हा हळूहळू उतरायला लागते. बाटलीत असताना उतरली तर दाब वाढून बाटली फुटू शकते. म्हणून तीन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर लावा, आकडा तोच आला तरच पुढे जा. रिफ्रॅक्टोमीटरवर इथे विसंबू नये, अल्कोहोलमुळे तो चुकीचं वाचन देतो.

बाटलीत फेसासाठी घालायची साखर हा वेगळा हिशेब, वरच्या ५०० ग्रॅममध्ये ती धरलेली नाही. बिअर २० अंशांना असेल तर लिटरला सहा ग्रॅम पांढरी साखर पुरते, वीस लिटरला १२० ग्रॅम. ती थोड्या पाण्यात उकळून संपूर्ण बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळावी, खळखळ न करता. बाटलीत चमच्याने मोजून घातली तर प्रत्येक बाटली वेगळी निघते. दोन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवून मग सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. ही साठवून मुरवायची बिअर नव्हे. महिन्या-दीड महिन्यात संपवावी, त्यानंतर सुगंध जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो.

वाटताना ग्लास लहान घ्या. ४७३ मिलिलिटरच्या एका अमेरिकन पाइंटमध्ये या बिअरचं जवळपास ३० ग्रॅम अल्कोहोल असतं, तिथल्या मोजणीने दोन ड्रिंक्सहून जास्त. आणि साखरेने अंग हलकं केलेलं असल्यामुळे ती पाच टक्क्यांच्या बिअरइतकी सहज उतरते. घरी आलेल्या पाहुण्यांना टक्केवारी आधीच सांगा, आणि गाडी चालवत परत जाणाऱ्याला चहा द्या.